एका नदीचे दोन शेजारी : इजिप्शियन आणि न्यूबियन

इजिप्त म्हटले की पिरॅमिड, ममी आणि फॅरो ही नावे शाळकरी मुलगाही सांगतो. त्याच नाइल नदीच्या काठी, इजिप्तच्या दक्षिणेस, तितक्याच जुन्या काळापासून राहत असलेल्या न्यूबियन लोकांचे नाव मात्र पदवीच्या विद्यार्थ्यालाही क्वचितच ठाऊक असते. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. हिशेबशास्त्र आम्हांला असे शिकवते की, दोन व्यापाऱ्यांमधील देवघेव तपासायची असेल तर दोघांच्याही वह्या पाहाव्यात. एकाच्या खतावणीवरून दुसऱ्याची पत ठरवू नये. इजिप्त आणि न्यूबिया यांच्या बाबतीत जगाने फार काळ एकाच वहीवर भिस्त ठेवली. या दोन शेजाऱ्यांची तुलना करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

नाइल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. खार्टूम ते आस्वान या टप्प्यात तिच्या पात्रात खडकांचे सहा मोठे अडथळे आहेत. त्यांना प्रपात म्हणतात. आस्वानजवळच्या प्रपाताच्या उत्तरेस इजिप्त आणि दक्षिणेस न्यूबिया, म्हणजे आजच्या इजिप्तचे दक्षिण टोक व सुदानचा उत्तर भाग. उत्तरेस पुराच्या गाळाची रुंद जमीन आणि समुद्रापर्यंत नावांची मोकळी वाट. त्यामुळे तेथे धान्य उरे आणि एका राजाचा अंमल लवकर बसला. दक्षिणेस शेतीची पट्टी अरुंद, नावा जागोजाग अडणाऱ्या. पण तेथे गुरे होती, सोने होते, आणि हस्तिदंत, आबनूस व धूप यांचा मार्ग तेथूनच जात होता. दोघांनाही एकमेकांची गरज होती.

या व्यापाराचा उत्तम पुरावा आस्वान येथील हरखुफ नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यावर कोरलेला आहे. इ. स. पू. तेविसाव्या शतकात तो दक्षिणेकडील याम देशाला चार वेळा जाऊन आला. एका खेपेस त्याने तीनशे गाढवांवर धूप, आबनूस, हस्तिदंत आणि चित्त्याची कातडी लादून आणली. न्यूबियन तिरंदाजांचीही इजिप्तच्या सैन्यात मोठी मागणी असे. असिउत येथील एका थडग्यात सापडलेली चाळीस न्यूबियन तिरंदाजांची लाकडी पलटण आज कैरोच्या संग्रहालयात आहे.

पुढे इ. स. पू. एकोणिसाव्या शतकात तिसऱ्या सेनुस्रेत राजाने दुसऱ्या प्रपाताच्या परिसरात किल्ल्यांची रांग उभी केली. सेम्ना येथील त्याच्या शिलालेखात हुकूम आहे की, व्यापारासाठी वा वकील म्हणून येणाऱ्यांखेरीज कोणाही न्यूबियनाने ही हद्द ओलांडू नये. आजच्या भाषेत हे जकातनाकेच! त्याच राजाच्या दुसऱ्या लेखात न्यूबियन लोकांना भ्याड म्हटले आहे. परंतु जवळच्या बुहेन किल्ल्याच्या भिंती सुमारे पाच मीटर जाड होत्या. भ्याड शेजाऱ्यासाठी एवढा खर्च कोण करील? वहीतील शेरा एक सांगतो आणि खर्चाची रक्कम दुसरेच सांगते.

हा शेजारी कोण होता, हे तिसऱ्या प्रपाताजवळील केर्मा येथील उत्खननाने दाखवून दिले. तेथे विटांचे प्रचंड मंदिर, तटबंदीचे शहर आणि नव्वद मीटर व्यासाची राजांची थडगी होती. इजिप्शियन लोक मृताची ममी करून शवपेटीत ठेवीत. केर्माचे लोक त्याला कुशीवर, बाजेवर निजवून वर मातीचा ढीग रचीत. १९१३ ते १९१६ या काळात खोदकाम करणाऱ्या जॉर्ज राइसनर यांना तेथे इजिप्शियन पुतळे मिळाले, आणि ही इजिप्शियन सुभेदाराची राजधानी असावी असे त्यांनी ठरविले. स्विस संशोधक शार्ल बोने यांनी पुढे अनेक वर्षे केलेल्या उत्खननानंतर हे शहर स्थानिक राजांचेच होते हे पक्के झाले. २००३ मध्ये इजिप्तमधील एल-काब येथील एका थडग्यातील लेख उजेडात आला. केर्माच्या या कुश राज्याने मित्रांसह इजिप्तवर मोठी स्वारी केल्याची नोंद त्यात आहे. राजांच्या विजयलेखांत या स्वारीचा उल्लेखही नाही. नुकसान वहीत घालण्याची राजांना हौस नसते!

इ. स. पू. १५०० च्या सुमारास इजिप्तने केर्मा जिंकले आणि चारशेहून अधिक वर्षे न्यूबियावर राज्य केले. चौथ्या प्रपाताजवळ जेबेल बर्कल येथे अमून देवाचे मंदिर झाले. नंतर पारडे फिरले. इ. स. पू. आठव्या शतकात कुशचा राजा पिये याने इजिप्त जिंकले. त्याच्या शिलालेखात शत्रूच्या तबेल्यात उपाशी ठेवलेले घोडे पाहून तो संतापल्याचे वर्णन आहे. त्याचे वंशज फॅरो म्हणून नांदले, इ. स. पू. सातव्या शतकात असिरियनांनी त्यांना मागे रेटले. इजिप्तच्या राजांनी केव्हाच सोडून दिलेली पिरॅमिडची प्रथा कुशच्या राजांनी पुन्हा सुरू केली. लहान व उभट चढाचे असे दोनशेहून अधिक पिरॅमिड सुदानात आहेत.

म्हणून न्यूबियनांनी केवळ नक्कल केली असे म्हणता येत नाही. मेरोए ही राजधानी झाल्यावर अपेदेमाक हा सिंहमुखी देव त्यांचा स्वतःचा होता. राज्य करणाऱ्या राण्या होत्या. त्यांपैकी एकीच्या काळात कुशच्या सैन्याने रोमनांशी लढाई दिली. तेवीस चिन्हांची स्वतंत्र लिपीही त्यांनी घडविली. १९११ च्या सुमारास ग्रिफिथ यांनी तिचे उच्चार लावले, पण भाषेचा पुरता अर्थ अजून लागलेला नाही. दुसरी वही सापडली, अक्षरे जुळली, मजकूर मात्र अजून अडलेला आहे.

आस्वानच्या मोठ्या धरणामुळे १९६० नंतरच्या दशकात न्यूबियाचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अबू सिंबेलची मंदिरे युनेस्कोच्या मोहिमेत कापून उंचावर नेली. आपल्या पुरातत्त्व खात्याच्या पथकानेही बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली १९६२ मध्ये अफ्येह येथे उत्खनन केले. मंदिरे वाचली, पण सुमारे एक लाख न्यूबियनांना आपली गावे सोडावी लागली. त्यांच्या भाषा मात्र आजही बोलल्या जातात.

इजिप्तची वही खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. ती एकाच बाजूची आहे. ज्याच्याजवळ आधी लिपी आली त्याने शेजाऱ्याचेही चरित्र लिहिले, आणि आपण ते खरे मानले. दोन भाषांत निघणाऱ्या या अंकाच्या वाचकांना यातील धोका निराळा सांगायला नको. शेजाऱ्याची वही वाचता येत नसेल तर त्याच्या भिंती, मडकी व थडगी पाहावीत; आणि वाचता येण्याजोगी असेल तर ती भाषा शिकून घ्यावी, हे उत्तम.