औषधाचा मुक्काम आणि संगणक

नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या 'ॲक्ट्रेक' संस्थेत कर्करोगावरील उपचार व संशोधन एकाच आवारात चालते. अशा संस्थांपुढील एक जुना प्रश्न असा की, गुणकारी ठरलेले औषध काही रुग्णांच्या बाबतीत पुढे निष्प्रभ का होते?

औषधाचा रेणू शरीरातील विशिष्ट प्रथिनाच्या खाचेत बसून त्याचे कार्य रोखतो. तो किती ओढीने बसतो, हेच पूर्वी मुख्यतः पाहिले जाई. तेथे किती काळ टिकतो, याकडे विशेष लक्ष गेले ते २००६ नंतर. धापेच्या विकारात इप्राट्रोपियम दिवसातून तीन-चार वेळा ओढावे लागते. टायोट्रोपियम एकदाच पुरते, कारण ते आपली जागा फार सावकाश सोडते.

रक्ताच्या एका दीर्घकालीन कर्करोगावर २००१ पासून वापरात असलेले इमॅटिनिब 'एबल' प्रथिनाला रोखते. या प्रथिनात एके ठिकाणी बदल झाला, तर औषधाची ओढ कमी न होताही ते लवकर सुटते, असे २०२१ मध्ये दिसून आले. केवळ ओढ मोजणाऱ्या चाचणीत हा दोष सापडलाच नसता.

हा मुक्काम संगणकावर आधीच वर्तविता येईल काय? अणूंची हालचाल पायरीपायरीने मांडताना एका सेकंदासाठी सुमारे ५०० लक्ष कोटी पायऱ्या लागतात, आणि इमॅटिनिबचा मुक्काम तर मिनिटांचा! म्हणून एक युक्ती योजतात. खड्ड्यात रुतलेले चाक काढण्यासाठी टोपली-टोपली माती टाकावी, तशी संगणक कृत्रिम ऊर्जा भरत जातो. मातीचा हिशेब ठेवलेला असल्याने, ती न टाकता किती वेळ लागला असता, हे मागाहून काढता येते. मात्र माती खड्ड्याच्या काठावर पडता कामा नये. तेथे पडली की हिशेब बिघडतो.

हिशेब अचूक असतोच असे नाही. ट्रिप्सिन या पाचक प्रथिनापासून बेन्झामिडीन सुटण्यास लागणारा वेळ २०१५ मध्ये या रीतीने सेकंदाचा सुमारे नववा भाग निघाला. प्रयोगातील वेळ होता सुमारे सहाशेवा भाग. तेव्हा आकडा अखेर प्रयोगशाळेतच मोजावा लागतो. संगणक जे दाखवितो ते प्रयोगशाळेला सहसा दिसत नाही: रेणू कोणत्या वाटेने बाहेर पडला. बदललेल्या 'एबल' प्रथिनाच्या अशाच अभ्यासात प्रथिनाची लवचिकता आणि औषधाच्या सुटकेची वाट, दोन्ही पालटल्याचे आढळले.