घरची तालीम

घंटा वाजताच मुलांनी रांगेने मैदानावर यावे, ही कवायत आपणां सर्वांस परिचित आहे. परंतु ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरचा भूकंप झाला तो पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी. पाटण तालुक्यातील मुले त्या वेळी वर्गात नव्हती, घरी झोपलेली होती. तेव्हा हा पाठ घरापर्यंत गेला पाहिजे, आणि तो नेणारा आपला विद्यार्थीच.

कृष्णा-वारणाकाठच्या शाळांनी पुराचा पाठ घ्यावा. येथे अडचण वाटेची नाही, वेळेची आहे. वाट सर्वांस ठाऊक असते. निघावे केव्हा, हे ठरलेले नसते. "२००५ साली पाणी इथवरच आले होते," या भरवशावर पुष्कळ घरे थांबली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले व ती जुनी खूण बुडाली. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढणारी नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. नाव लागण्यापूर्वी वाट कोरडी असते, ती वेळ साधावयाची.

आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट व धोक्याची ४५ फूट. यावर वरच्या वर्गास गणित द्यावे: पाणी ३४ फुटांवर असून तासाला अर्धा फूट चढत असेल, तर इशारा पातळीस किती तास? उत्तर येते बारा. मग विचारावे, तुमचे घर रिकामे होण्यास किती वेळ लागतो? हे उत्तर पुस्तकात नाही. त्यासाठी घरी एका रात्री दिवे मालवून तालीम करावी. आजीचा हात कोणी धरावयाचा, कागदपत्रांची पिशवी कोणाकडे, दावी कोणी सोडावयाची, हे आधी ठरवावे व लागलेली मिनिटे मुलाने वहीत लिहावीत. पहिली तालीम बहुधा फसते. आजींचा चष्माच सापडत नाही! कोणाच्या घरास वेळ अधिक लागला म्हणून वर्गात हसू होऊ देऊ नये. खरा खोळंबा गुरांचा असतो. त्यांना उंचावर कोणाच्या रानात बांधावयाचे, हे पालकांनी मे महिन्यातच विचारून ठेवावे.

जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. डोंगरउतारावरील शाळांनी हीच तालीम दरडीसाठी घ्यावी. जमिनीस पडलेली भेग किंवा झऱ्याचे एकाएकी गढूळ झालेले पाणी, ही तेथील निघण्याची खूण. भूकंपाची तालीम मात्र निराळी शिकवावी: आधी डोके झाकणे, हादरा थांबताच बाहेर मोकळ्यावर येणे.