हातार केस किती गो तुझ्या!

मालवणात वाढले, तेव्हा खारा वारा आणि खारे टोमणे दोन्ही अंगवळणी पडले. माझ्या वाट्याचे बरेचसे टोमणे हातापायांवरच्या केसांवरून होते. कॉलेजात असताना वॅक्सिंग सुरू केलं, मधली काही वर्षं साफ सोडून दिलं, आता मनात आलं तर करते. या सगळ्यातून जे उमगलं ते असं:

१. पहिला टोमणा मायेच्या माणसाकडून येतो

"हातार केस किती गो तुझ्या! लगीन कसा होतला?" असं मला पहिल्यांदा म्हणाली ती माझी मावशी. तिच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. आमच्याकडे ही काळजी बाळाला न्हाऊ घालतानाच सुरू होते. आधी खोबरेल चोळायचं, मग बेसनाचा गोळा कपाळावरून, पाठीवरून फिरवायचा, म्हणजे लव जाते. मुलगी असली की गोळा जरा जास्त वेळ फिरतो. खरं तर जन्मतः अंगावर असलेली ती मऊ लव काही आठवड्यांत आपसूक गळते. श्रेय मात्र बेसनाला मिळतं. म्हणून मावशीवर चिडण्यात अर्थ नाही, तिला जे मिळालं तेच ती पुढे देत होती. "मावशे, नवरो काय केस मोजूक येतलो?" असं हसत विचारलं की विषय मिटतो.

२. 'पूर्वीपासून चालत आलंय' हे तपासून बघावं

मालवणच्या बंदरावर मासळीचा लिलाव लागतो तेव्हा जाऊन उभं राहावं. जुन्या बायका अजूनही काष्टा घालून, लुगडं गुडघ्याकडे खोचून ओल्या वाळूत उभ्या असतात. सगळ्यांचं लक्ष सुरमईच्या भावाकडे असतं, पोटऱ्यांवर केस आहेत की नाहीत हे बघायला कुणाला सवड नसते. माझ्या आजीचं आयुष्य असंच गेलं. हातापायांचे केस काढायचे असतात हे तिच्या गावीही नव्हतं. केस काढण्याची रीत जगात जुनी आहे, पण साध्या घरातल्या बाईवर तिची सक्ती बसली ती विसाव्या शतकात. अमेरिकेत बिनबाह्यांच्या झग्यांची फॅशन आली आणि १९१५ मध्ये जिलेट कंपनीने बायकांसाठी वेगळा रेझर काढला. काखेतले केस म्हणजे लाजिरवाणी गोष्ट, हे जाहिरातींनी शिकवलं. वाण विकायचं तर आधी लाज विकावी लागते.

३. ठरवतंय कोण, हे विचारावं

आज बाईच्या हातावरचे केस खुपतात. एके काळी उच्चवर्णीय घरांत विधवेच्या डोक्यावरचे खुपायचे. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळी एकत्र आली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायला त्यांनी नकार दिला. वॅक्सिंग आणि केशवपन एका तागडीत घालण्याएवढी मी अविचारी नाही. तिथे उघड जबरदस्ती होती, बाईला विद्रूप करण्याचा हेतू होता. तरी बाईच्या अंगावर केस कुठे असावेत आणि कुठे नसावेत याचा निकाल तिच्याऐवजी चार लोक लावतात, एवढं दोन्हीकडे सारखं आहे. म्हणून पार्लरची पायरी चढण्याआधी मी स्वतःला एकच विचारते: मला हवंय, की लग्नघरातल्या बायका बघतील म्हणून?

४. नजर शिकवावी तशी शिकते

आमच्या जत्रांत रात्रभर दशावतार रंगतो. लहानपणी मी रंगमंचाला अगदी खेटून बसायचे. राणी झालेला नट मिशी सफाचट करून, जरीचं लुगडं नेसून, डोळे मोडत यायचा. हिरव्या चुड्याच्या वर त्याच्या हातावरचे काळे केस हॅलोजनच्या उजेडात मला स्पष्ट दिसायचे. मागे बसलेल्या बायका मात्र "काय रूप आसा बघ!" म्हणून विरघळलेल्या असायच्या. त्यांना राणी बघायची होती, त्यांनी राणीच बघितली. पुरुषाच्या हाताला जी सूट सहज मिळते ती खऱ्या बाईच्या हाताला का मिळू नये, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

५. केस म्हणजे अस्वच्छता, हे खरं नव्हे

हा मुद्दा सगळ्यात जास्त ऐकवला जातो, म्हणून नीट सांगते. बाळंतपणाआधी सरसकट केस भादरू नयेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस आहे. शस्त्रक्रियेबाबतही तिने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं, की केस शक्यतो काढूच नयेत आणि काढायलाच लागले तर क्लिपरने कापावेत, वस्तरा लावू नये. वस्तऱ्याने कातडीवर बारीक चरे पडतात आणि जंतूंना वाट मिळते. ऑपरेशन थिएटरमध्ये जे चालतं ते घरी का चालू नये? आमच्या दमट हवेत तर वॅक्सिंगनंतर पुटकुळ्या ठरलेल्या. वरून घाम, आणि मालवणच्या चिवला किनाऱ्यावर समुद्रात उतरलं की मिठाची आग. स्वच्छतेला साबण-पाणी पुरतं. जाता जाता, रेझर फिरवल्याने केस दाट येतात हेही खोटं. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून ते राठ लागतं, इतकंच.

६. खरी अडचण असेल तिथे कुणी बोलत नाही

तारकर्लीला पर्यटक समुद्राखालचं प्रवाळ बघायला उतरतात. तिथे केसांमुळे खरोखर घोटाळा होतो तो पुरुषांचा. दाट मिशीवर मास्क घट्ट बसत नाही आणि फटीतून पाणी आत शिरतं. तरी "मिशी काढून या" असं कुणी ऐकवत नाही. थोडं व्हॅसलीन लावतात आणि काम भागवतात. बाईच्या पायावरच्या केसांनी कुणाचं काही अडत नाही, तरी उपदेश तिलाच.

७. काही केस मात्र मनावर घ्यावेत

हनुवटीवर, छातीवर, पोटावर अचानक राठ केस वाढू लागले, सोबत पाळी लांबू लागली, तर दोरा आणि स्ट्रिप बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. पीसीओएस हे त्याचं नेहमीचं कारण आणि तो काही दुर्मीळ आजार नव्हे. जगात दर १०० तरुण स्त्रियांमागे साधारण ८ ते १३ जणींना तो असतो. पुढे त्यातून मधुमेहाचा धोका वाढतो. आपल्याकडे मुलगी लाजेने दर आठवड्याला थ्रेडिंग करत राहते, आई "कुणाला सांगू नको" म्हणते आणि निदान राहून जातं. केसांची लाज आजारापेक्षा महाग पडते ती अशी.

८. काढायचे तर खुशाल काढावेत

केस ठेवणारी शहाणी आणि काढणारी बावळट, अशी नवी उतरंड मला नको. गुळगुळीत हातावरून साडीचा पदर सरकतो तेव्हा मलाही बरं वाटतं. पार्लरवालीवरही माझा राग नाही. गरम वॅक्स पसरून, कापडी पट्टी दाबून, "ताई, श्वास सोडा" म्हणत एका झटक्यात ओढणारी ती मुलगी कुडाळला कोर्स करून आली आहे. त्या खुर्चीवर तिचं घर चालतं. ती "ग्रोथ खूप आहे हो" म्हणाली की मी "असूंदे, अर्ध्या हातापर्यंतच कर" म्हणते. ती हसते आणि तेवढंच करते.

आपलं अंग, आपला पैसा, आपली कातडी. मत दुसऱ्याचं कशाला? बायांनो, माझं मागणं एवढंच: पुढच्या लग्नात एखाद्या मुलीचा हात मेंदी बघायला हातात घ्याल, तेव्हा मेंदीबद्दलच बोला.