पान नंबर नंतर टाकू

विद्यापीठाच्या रस्त्याला टायपिंगचं दुकान असलं की पीएच.डी. हा प्रकार उलट्या बाजूने दिसतो. गाइडना प्रकरणं एकेक करून मिळतात. आमच्याकडे सगळं एकदम येतं, तेही सबमिशनची तारीख तोंडावर आल्यावर, आणि त्यातही सगळ्यात कच्ची असते ती संदर्भसूची. वहीतल्या चिठ्ठ्या, मोबाइलमधले फोटो, कुणाच्या तरी जुन्या प्रबंधाची झेरॉक्स. "ताई, एवढं जरा तुम्हीच लावून घ्या. पान नंबर नंतर टाकू." श्रीलिपी फॉन्टच्या काळापासून मी मराठी आणि इतिहासाचे प्रबंध करते आहे. कोणती तळटीप पुस्तक उघडून लिहिली आहे आणि कोणती नाही, हे विषय न कळताही आता माझ्या लक्षात येतं. परीक्षकांना तर विषयही कळत असतो.

एका सरांचं सांगते. चाळिशीतले, ज्युनिअर कॉलेजला शिकवणारे. विषय सत्यशोधक चळवळीतला. कामचुकार म्हणावा असा माणूस नव्हे. सुट्ट्यांमध्ये एसटीने गावोगाव जाऊन, ज्यांच्या घरात जलशांच्या आठवणी होत्या अशा म्हाताऱ्या माणसांना भेटून त्यांनी मुलाखती घेतल्या होत्या. ते प्रकरण टाइप करताना मी जेवण विसरले होते. पण जोतीराव फुल्यांची अवतरणं मात्र त्यांनी शोधगंगेवरच्या एका जुन्या प्रबंधातून उचलली, तळटिपांसकट. शोधगंगा म्हणजे देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध जिथे कुणालाही मोफत वाचता येतात ते भांडार. सोय मोठी, पण ती परीक्षकांनाही तेवढीच.

आता गंमत बघा. 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने पहिल्यांदा काढलं १९६९ मध्ये, धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली. पुढे १९९१ मध्ये य. दि. फडके यांनी संपादित केलेली आवृत्ती आली. जुन्या प्रबंधातले पान नंबर पहिल्या आवृत्तीचे. सरांच्या कॉलेजच्या ग्रंथालयात होती ती १९९१ ची, म्हणून सूचीत त्यांनी तीच लिहिली. तळटिपा एका पुस्तकाच्या, सूची दुसऱ्याची. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पिशवीतून स्वतःची प्रत काढली आणि तीन ठिकाणी पान उघडून पाहिलं. तिन्ही ठिकाणी भलतंच काहीतरी. चौथ्या अवतरणात जुन्या प्रबंधकाराच्या हातून दोन शब्द गळले होते, ते सरांच्याही प्रबंधात गळलेले निघाले. परीक्षक आवाज चढवून बोलले नाहीत. "हे आपण कुठे वाचलंत?" एवढंच विचारलं म्हणे.

दुरुस्त्या करून प्रबंध पुन्हा द्यावा लागला, पुन्हा व्हायव्हा, आणि पदोन्नतीचं पुढचं सगळं तेवढं लांबलं. सरांना लागलं ते वेगळंच. फुल्यांची अवतरणं संशयास्पद ठरल्यावर परीक्षकांनी मुलाखतींबद्दलही खोदून विचारायला सुरुवात केली: ही माणसं खरंच भेटली का, कधी, कुठे? तळटिपांत फक्त 'मुलाखत' एवढाच शब्द होता. नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. जे शंभर टक्के त्यांचं स्वतःचं होतं, तेच सिद्ध करायला त्यांच्याकडे कागद नव्हता. मुलाखतीचा संदर्भ द्यायचा तर सांगणाऱ्याचं नाव, वय, गाव, तारीख आणि रेकॉर्डिंग कुठे ठेवलं आहे ते लिहा. नाव छापायला परवानगी नसेल तर तसं स्पष्ट म्हणा.

तेव्हापासून दुकानात येणाऱ्या पोरांना मी एकच गोष्ट कानीकपाळी ओरडून सांगते: जे हातात धरून वाचलं, त्याचाच संदर्भ द्या. दुसऱ्याच्या पुस्तकात वाचलं असेल तर दुसऱ्याचं नाव घ्यायला लाजू नका. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या 'दीनबंधू'चंच घ्या. त्याचे जुने अंक सहजासहजी हाताला लागत नाहीत, तरी माझ्याकडे येणाऱ्या प्रबंधांमध्ये 'दीनबंधू'चे संदर्भ रांगेने उभे असतात, जणू प्रत्येकाच्या घरी फाइल आहे. ते अवतरण एखाद्या अभ्यासकाच्या ग्रंथात मिळालं ना? मग अंकाची तारीख द्या आणि पुढे 'अमुक यांच्या अमुक ग्रंथात उद्धृत' असं लिहून त्या ग्रंथाचं पान द्या. यात कमीपणा कसला? उलट त्या अभ्यासकाने तारीख चुकवली असेल तर ती चूक तुमच्या अंगावर येत नाही.

समग्र वाङ्मयाचा आणखी एक घोळ वर्षाचा. कंसात आडनाव आणि साल टाकायची पद्धत घेतली की मुलं बिनधास्त '(फुले, १९९१)' लिहितात. १८९० मध्ये निवर्तलेल्या माणसाने १९९१ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली, असं वाचणाऱ्याला दिसतं. एपीए पद्धतीत यावर साधा उपाय आहे, '(फुले, १८७३/१९९१)'. पहिलं साल लेखनाच्या प्रकाशनाचं, दुसरं तुमच्या हातातल्या आवृत्तीचं. जुन्या मराठी पुस्तकांवर शके असेल तर ७८ मिळवा, आणि तारीख जानेवारी ते गुढीपाडवा यांमधली असेल तर ७९.

हे सगळं शेवटच्या आठवड्यात होत नाही. ग्रंथालयात पुस्तक हातात आलं की आतलं पान वाचण्याआधी दोन फोटो काढायचे: शीर्षकपानाचा आणि त्याच्या मागच्या पानाचा, जिथे प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती, पुनर्मुद्रण हे सगळं असतं. मग मजकुराच्या पानाचा फोटो, पान नंबर दिसेल असा. नंबर कापला गेलेल्या फोटोचा काहीही उपयोग नाही. घाईत टिपून घेणारे मुद्रकालाच प्रकाशक करून टाकतात, पुनर्मुद्रणाला नवी आवृत्ती समजतात. पुराभिलेखागारात मोडी कागद बघत असाल तर ज्या कापडी गाठोड्यात तो बांधलेला असतो त्या रुमालाचा क्रमांक त्याच क्षणी लिहा. रुमाल बांधून परत गेला की तो कागद पुन्हा सापडणं नशिबावर.

'तत्रैव'शी माझं जुनं वैर आहे. तळटीप बारामध्ये 'तत्रैव, पृ. ४५' असतं, म्हणजे अकरामधलंच पुस्तक. गाइड म्हणतात, इथे एक संदर्भ वाढवा. मी अकरा आणि बाराच्या मध्ये नवीन तळटीप घालते, आकडे आपोआप पुढे सरकतात, आणि 'तत्रैव' मुकाट्याने नव्या पुस्तकाकडे बोट दाखवायला लागतं. संगणकाला हे कळत नाही, विद्यार्थी पुन्हा वाचत नाही. शिकागोच्या नियमावलीने २०१७ च्या सतराव्या आवृत्तीत याच्या 'इबिड' या इंग्रजी भावंडाऐवजी आडनाव आणि छोटं शीर्षक देणं बरं, असं सुचवलं. मराठीतही 'कीर, पृ. ४५' लिहायला असे किती शब्द जास्त लागतात? 'तत्रैव' वापरायचंच असेल तर अगदी शेवटच्या प्रिंटआधी घाला.

कोणती पद्धत घ्यायची, एपीए की एमएलए की शिकागो, याचं उत्तर गाइड आणि विद्यापीठाचं परिपत्रक देईल. यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. एक धरा आणि शेवटपर्यंत धरा. एपीएच्या २०१९ च्या सातव्या आवृत्तीने प्रकाशनाचं गाव काढून टाकलं, पण मराठी परीक्षक 'पुणे' की 'मुंबई' हे शोधतातच, तेव्हा आधी विचारून घ्या. आणि पुस्तकाचं नाव तिरक्या अक्षरात टाकायचा हट्ट इंग्रजीपुरता ठेवा. तिरकी केलेली देवनागरी छापल्यावर कशी दिसते ते मी रोज बघते. एकेरी अवतरणचिन्ह आपल्याकडे रुळलेलं आहे, तेच बरं.

अकारविल्हे लावताना संगणकावर डोळे झाकून विसंबू नका. आपण शाळेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी म्हणतो. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ळ हा ल च्या लगेच मागे बसतो, क्ष म्हणजे क पासून सुरू होणारं जोडाक्षर आणि ज्ञ म्हणजे ज पासून. त्यामुळे यंत्राने लावलेल्या यादीत ज्ञानेश्वर हे जोशींच्या शेजारी येऊन उभे राहू शकतात. टोपणनावांचंही आधीच ठरवा. कुसुमाग्रज 'क' मध्ये आणि शिरवाडकर 'श' मध्ये, अशी एकाच माणसाची पुस्तकं दोन ठिकाणी विखुरली तर निदान एका ठिकाणी 'पाहा' म्हणून सूचना द्या. झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे, सुरुवातीपासून वापरलं तर. पण मराठी यादीत 'संपा.' आणि 'आणि' यांच्या जागी इंग्रजी खुणा येऊन बसल्या नाहीत ना, हे नजरेखालून घाला. श्रीलिपीतून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात रफार आणि जोडाक्षरं हलतात, आणि ती सगळ्यात जास्त माणसांच्या नावांतच हलतात.

हल्ली दुकानात सगळ्यात जास्त येणारी मागणी मात्र वेगळीच आहे: "ताई, टक्के कमी करून द्या." यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून पुन्हा द्यायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंधसुद्धा देता येत नाही आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. या आकड्यांची अशी काही धास्ती बसली आहे की मुलं वाक्यांतले शब्द बदलत सुटतात. एकाने कुठल्याशा यंत्रातून मजकूर फिरवून आणला, त्यात 'सत्यशोधक समाज' चा 'खऱ्याचा शोध घेणारा समुदाय' झाला होता! अरे बाबांनो, त्याच नियमांत लिहिलं आहे की नीट संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे मोजायचे नाहीत, आणि सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टींतले सलग चौदा शब्दांपर्यंतचे जुळणारे तुकडेही नाहीत. म्हणजे अवतरणचिन्ह आणि पान नंबर टाकलात तर जे टक्के आपोआप गळतात, त्यासाठी तुम्ही भाषेचा खिमा करता. आणि शब्द बदलले तरी विचार दुसऱ्याचाच राहतो. त्याला संदर्भ लागतोच.

चॅटबॉटकडून संदर्भ मागवणाऱ्यांचं तर काय सांगू. यादी इतकी नेटकी येते की टाइप करताना हात थबकतो: लेखक खरा, प्रकाशनसंस्था खरी, साल पटेल असं, आणि पुस्तक कधी निघालेलंच नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने अशाच बनावट खटल्यांचे दाखले देणाऱ्या वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड ठोठावला होता. 'स्रोत : गुगल' असं लिहिणारे त्या मानाने प्रामाणिक म्हणायचे. मराठी विश्वकोशातून काही घेतलं असेल तर नोंदीच्या खाली लेखकाचं नाव असतं, ते द्या. नोंद कुणीतरी कष्टाने लिहिलेली आहे.

प्रबंध बाइंड होऊन गेल्यावर चूक सापडली तर? लपवू नका. व्हायव्हाच्या आधी शुद्धिपत्र करा: पान, ओळ, आहे ते, हवं ते. आमच्याकडच्या एका मुलीला आदल्या रात्री तीन तळटिपांमध्ये आवृत्ती चुकल्याचं दिसलं. सकाळी दुकान उघडायच्या आत ती पायरीवर येऊन बसली होती. एका पानाचं शुद्धिपत्र करून तिला प्रती काढून दिल्या. तिने ते आपण होऊन परीक्षकांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, प्रबंधाला जोडायला सांगितलं आणि दुसऱ्या प्रकरणावरचा प्रश्न विचारला.