एकच गोळी, दोन विषाणू

एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी हे विषाणू भिन्न. परंतु दोघांनाही वाढीसाठी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजची क्रिया आवश्यक असते. लॅमिव्हुडिन व टेनोफोव्हिर तीच रोखतात. १ एप्रिल २००४ रोजी देशात मोफत एआरटी सुरू झाली, तेव्हाच्या औषधांत हिपॅटायटिस बीवर केवळ लॅमिव्हुडिनच प्रभावी होते. ते एकटे पडले की काही वर्षांत विषाणू त्याला जुमानत नाही. आज जोडीला टेनोफोव्हिर आहे.

वडोदऱ्यात माझ्याकडे काविळीने पिवळा पडलेला एक तरुण आला. दोन्ही विषाणू अंगात असताना, ‘वजन वाढले, आता बरा आहे’ म्हणून त्याने परस्पर गोळ्या सोडल्या होत्या. दबलेला हिपॅटायटिस बी उसळून यकृतावर आला होता. गोळ्या पुन्हा सुरू केल्यावर, सुदैवाने, तो सावरला.

तेव्हापासून मी दोन नियम पाळतो. एआरटीपूर्वी एचबीएसएजी तपासतो. हिपॅटायटिस बीच्या औषधापूर्वी एचआयव्ही, कारण एकट्या एन्टेकॅव्हिरने एचआयव्ही प्रतिकारक्षम होऊ शकतो. वाचकांना विनंती एवढीच, की बरे वाटले तरी डॉक्टरांना विचारल्याविना गोळी सोडू नये. आणि घरच्यांची तपासणी व लसीकरण लांबणीवर टाकू नये.