ड्रॉइंगशिवाय जॉब : हार्डवेअरची गुप्त माहिती आणि मुक्त ड्रायव्हर

कासारवाडीतून नाशिक फाटा ओलांडून भोसरी एमआयडीसीत शिरलं, की कुठल्याही वर्कशॉपमध्ये पहिला प्रश्न असतो, "ड्रॉइंग कुठंय?" व्यास किती, टॉलरन्स किती, मटेरियल कोणतं, हे कळल्याशिवाय ऑपरेटर जॉब लावत नाही. हे उदाहरण डोक्यात ठेवा, आजचा पाठ सोपा जाईल.

ड्रायव्हर म्हणजे काय?

ऑपरेटिंग सिस्टिम आणि हार्डवेअर यांच्यामधला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. चिपमध्ये रजिस्टर नावाच्या छोट्या जागा असतात. कोणत्या रजिस्टरमध्ये कोणता आकडा लिहिला की वाय-फायचा चॅनेल बदलतो किंवा पडद्यावर चित्र उमटतं, हे चिप बनवणाऱ्यालाच ठाऊक असतं. ही माहिती देणारी पुस्तिका म्हणजे चिपचं ड्रॉइंग. ती खुली असेल तर लिनक्ससाठी कोणीही जाणकार ड्रायव्हर लिहू शकतो. नसेल तर कंपनी देईल तोच ड्रायव्हर, आणि तोही कंपनी देईल तितकेच दिवस.

प्रिंटरपासून सुरुवात

१९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेसर प्रिंटर आला. कागद अडकला की सगळ्यांना निरोप जावा, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरसाठी केली होती. नव्याचा सोर्स कोड मात्र मिळेना. ज्यांच्याकडे तो होता त्यांनी गुप्ततेच्या करारावर सही केली होती. या अनुभवाचा स्टॉलमन यांच्या विचारांवर मोठा परिणाम झाला. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला.

ड्रॉइंग नसेल तर?

आपला कारागीर काय करतो? नमुन्याचा पार्ट घेतो, व्हर्निअर लावतो, माप काढतो. सॉफ्टवेअरमध्ये यालाच रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात.

ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपसाठी तसंच झालं. एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर तपासून चिप कशी चालते ते लिहून काढलं. दुसऱ्या गटाने फक्त ते टिपण वाचून नवा ड्रायव्हर लिहिला. दोन गट वेगळे का? नक्कल केल्याचा आरोप होऊ नये म्हणून. पुढे २०१० मध्ये ब्रॉडकॉमने आपल्या काही नव्या चिपसाठी स्वतःच खुला ड्रायव्हर दिला.

ग्राफिक्स कार्डांमध्ये दोन वाटा दिसतात. एएमडीने २००७ पासून रेडिऑनची माहिती खुली करायला सुरुवात केली. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी 'नूवो' प्रकल्पाला मापं काढत बसावं लागलं. त्यात २०१४ नंतरच्या कार्डांत एक नवं कुलूप आलं. कंपनीची डिजिटल सही नसलेलं फर्मवेअर चिप स्वीकारेना. त्यामुळे नूवोला चिपचा वेग वाढवता येईना आणि महागडं कार्ड रखडत चालायचं. २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नलमधला भाग खुला केला, पण फर्मवेअर बंदच राहिलं.

कंपन्या का लपवतात?

त्यांचीही बाजू समजून घ्या. प्रतिस्पर्ध्याला युक्ती कळेल ही भीती असते. पेटंटचे दावे होऊ शकतात. चिपमधला काही भाग दुसऱ्या कंपनीकडून अटींवर घेतलेला असतो. पण एक फरक बघा. चिप कशी *बनवली* हे सांगणं वेगळं आणि ती कशी *चालवायची* हे सांगणं वेगळं. मुक्त ड्रायव्हर लिहिणाऱ्याला फक्त दुसरं हवं असतं.

आपल्याला काय त्याचं?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून घरातल्या मुलाचा अभ्यास चालू शकतो, पण वाय-फायचा ड्रायव्हर नसेल तर चांगला लॅपटॉप अडतो. वर्कशॉपमध्येही तेच. मशीन ठणठणीत, पण तिला जोडलेलं कार्ड नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही, मग सगळं जुन्या कॉम्प्युटरच्या भरवशावर. तो गेला की मशीन उभी!

आपला कायदा याबाबत काय म्हणतो? कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार, कायदेशीररीत्या घेतलेल्या प्रोग्रॅमशी आपला स्वतंत्र प्रोग्रॅम जुळवायला लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती शोधून काढायला मुभा आहे.

म्हणून वस्तू घेताना किंमत आणि वॉरंटीबरोबर एक प्रश्न जरूर विचारा : हिचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आहे का?

स्वाध्याय

१. ड्रायव्हर लिहायला चिपची कोणती माहिती लागते?
२. ब्रॉडकॉमच्या ड्रायव्हरसाठी दोन वेगळे गट का केले?
३. घरातल्या किंवा वर्कशॉपमधल्या एका उपकरणाचा ड्रायव्हर कोण देतं ते शोधा. ती कंपनी उद्या बंद पडली तर काय होईल, ते पाच ओळींत लिहा.