बिट्स की व्हीआयटी?

ऋतुजा,

बिट्सचा गोवा कॅम्पस की वेल्लोरचं व्हीआयटी, असं तू विचारलंस. तुझ्या आईचा कल गोव्याकडे, कारण ते सांगलीहून जवळ. आईच्या दृष्टीनं ते खरंच आहे, पण तू आधी पैशाचा हिशेब बघ.

बिट्सची फी सगळ्यांना एकच, वर्षाला साडेपाच लाखांच्या वर. वसतिगृह आणि मेस धरली की चार वर्षांचा खर्च 25 लाखांच्या पुढे जातो. व्हीआयटीत प्रवेश परीक्षेतल्या क्रमांकानुसार फीच्या पाच श्रेणी आहेत. पहिलीत वर्षाला दोन लाखांच्या आसपास, पाचवीत त्याहून बरीच जास्त. वर्ग तोच, पदवीही तीच! म्हणून नुसतं ‘व्हीआयटी स्वस्त’ म्हणू नकोस. तुला कितवी श्रेणी मिळते ते कळव.

कर्जाचं गणित स्वतः कागदावर मांड. 20 लाख, 10 टक्के व्याज, 10 वर्षं मुदत, तर महिन्याचा हप्ता साधारण 26,400 रुपये. शिकत असतानाचं व्याज साचतं ते वेगळंच. पहिल्या पगारातून हा हप्ता आणि पुण्या-बंगळूरचं घरभाडं वजा करून काय उरतं ते बघ.

मग बिट्सला जादा पैसे का मोजायचे? माझ्या मते प्रॅक्टिस स्कूलसाठी. दुसऱ्या वर्षानंतर उन्हाळ्यात सुमारे दोन महिने आणि पुढे जवळजवळ साडेपाच महिने मुलं प्रत्यक्ष कंपनीत किंवा संशोधन संस्थेत काम करतात, आणि तो अभ्यासक्रमाचाच भाग असतो. बिट्समध्ये हजेरीची सक्ती नाही, व्हीआयटीत 75 टक्के लागते. तू आपणहून अभ्यासाला बसणारी आहेस, तुला ती मोकळीक मानवेल. प्लेसमेंटचं विचारताना सर्वांत मोठं पॅकेज विचारू नकोस, ते एकाच मुलाचं असतं. तुझ्या शाखेतल्या मधल्या मुलाला किती मिळालं आणि किती जण नोकरीविना राहिले, ते विचार.

व्हीआयटीत पहिल्या-दुसऱ्या श्रेणीत कॉम्प्युटर मिळालं तर मी वेल्लोर म्हणेन. चौथी-पाचवी मिळाली आणि गोव्यात हवी ती शाखा असेल तर गोवा. तिथे गुण आणि गरज पाहून फीत सवलत देतात, तो अर्ज जरूर कर. निव्वळ नावासाठी नको ती शाखा मात्र घेऊ नकोस.

आणि कॅपचा, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, फॉर्म सोडू नकोस. तू ओबीसीतून अर्ज करते आहेस, बाबांचं उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे. अशा मुलींना 2024 पासून राज्यात कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अभिमत विद्यापीठांना ही सवलत लागू नाही, आणि तुझी ही दोन्ही तशीच आहेत. पुण्याच्या सीओईपीत किंवा घराजवळच्या वालचंदला कॉम्प्युटर मिळालं, तर मी वेल्लोरही म्हणणार नाही आणि गोवाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी याच आठवड्यात सेतू केंद्रात अर्ज टाक.

तुझा,
मामा